पाण्याच्या मागाने पुण्याच्या पेठा : तीन दिवसांची पायपीट

पहिला दिवस : कसबा आणि नागझरी

पुण्याच्या पेठा बघायला आलेला माणूस बहुधा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच त्याची गफलत होते. शनिवारवाड्याचा पाया घातला १० जानेवारी १७३० ला. गावाचं नाव त्याआधी साडेनऊशे वर्षांहून जास्त काळ कागदोपत्री, किंवा खरं तर तांब्यावर, आहे: राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’ आणि ‘पूनक विषय’ (विषय म्हणजे तेव्हाचा प्रशासकीय विभाग) असे उल्लेख येतात. वाडा मागाहून आला, पेठा मागाहून आल्या. आधी होती नदी, दोन ओढे आणि त्यांच्यामधलं उंचवट्यावरचं गाव. पेठांची रचना उलगडायची असेल तर वाड्यांमागे धावू नये. पाणी कुठून आलं, कुठे अडलं, कोणाला मिळालं आणि कोणाला नाही, याचा माग काढत चालावं.

म्हणून पहिला दिवस कसब्याचा. मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाल्यापासून पेठांत गाडी घेऊन येण्याला काही अर्थ उरलेला नाही. स्वतःची गाडी आणलीत तर सकाळचा पहिला तास जागा शोधण्यात जाईल आणि दुसरा तास ती उचलून तर नेली नाही ना या काळजीत. सकाळी सात ते दहा ही चालायची वेळ. दहानंतर गल्ल्यांत टेम्पो शिरतात आणि मान वर करून सज्जे बघणं धोक्याचं होतं. गणपतीच्या दहा दिवसांत इकडे फिरकू नका. तेव्हा माणसं दिसतात, पेठ दिसत नाही.

स्थानकाजवळ फडके हौदाचा चौक आहे. हौद आता चौकाच्या नावापुरता. असे चौक अजून भेटतील: साततोटी, बदामी हौद, काळा हौद, नाना हौद. ही नावं म्हणजे जुन्या पाणीपुरवठ्याचा नकाशाच आहे. तो उद्या उलगडेल. आज फक्त नावं टिपून ठेवा.

कसबा गणपतीपासून उत्तरेकडे, नदीच्या अंगाला चालू लागलं की गल्ल्या उतरतात. उताराकडे लक्ष असू द्या, कारण वर उरतो तो जुन्या गावठाणाचा उंचवटा. शतकानुशतकं मातीची घरं पडायची, त्यांच्याच ढिगावर नवी उभी राहायची, आणि गाव हळूहळू वर चढायचं. अशा जागेला मराठी मुलखात ‘पांढरी’ म्हणतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पुढे वाड्यांच्या वरच्या मजल्यांच्या भिंतींना आणि धाब्यांना, म्हणजे मातीच्या सपाट छपरांना, जी पांढरी माती लागायची, ती अशाच जुन्या वस्त्यांच्या टेकाडांवरून यायची. जुनं गाव खणून नवं गाव बांधायची ही रीत आपल्याकडे मुळीच नवी नाही.

गाव एकदा मुळासकट पुसलंही गेलं. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ते जाळलं आणि गाढवांचा नांगर फिरवला. त्यानंतर जिजाबाई आणि बाल शिवाजी इथे राहायला आले, दादोजी कोंडदेवांनी वसाहत पुन्हा उभी केली, कसबा गणपतीचं देऊळ झालं आणि लाल महाल बांधला गेला. शायिस्तेखानावरचा ५ एप्रिल १६६३ चा छापा याच लाल महालावर पडला. आज दिसतो तो लाल महाल मात्र पुणे महानगरपालिकेने १९८० च्या दशकात बांधलेला आहे. मूळ वास्तू नेमकी कशी होती ते या इमारतीवरून ठरवू नये. पाच मिनिटं पुरेत.

तांबट आळीला मात्र तास-दीड तास ठेवा. पत्ता विचारायची गरज नाही, दहा वाजता कानच नेतात. पेशवाईत कोकणातून आलेले तांबट इथे वसले. काम असं चालतं: तांब्याचा पत्रा कापायचा, भट्टीत लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचा, ठोकून आकार द्यायचा. ठोकताना तांबं कडक होत जातं, म्हणून मधे मधे पुन्हा तापवावं लागतं. ते टाळून घाई केली की काठाला चीर जाते. शेवटी येतं मठारकाम. गोल तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून, ओळीने, सारख्या जोराचे ठोके द्यायचे. भांड्यावर त्याची चकचकीत खवल्यांसारखी नक्षी उठते. ती शोभेची वाटते, पण तिचं खरं काम पत्रा कडक करण्याचं आहे. पातळ पत्र्याच्या हंड्याला पोचा पडत नाही तो त्या ठोक्यांमुळे. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्यावर खवले एकसारखे आणि निर्जीव येतात. हाताच्या कामात ओळ कुठे तरी किंचित वाकते. घ्यायचंच असेल तर ओळ वाकलेलं घ्या.

बंब, घंगाळ, हंडे असा इथला माल आहे. त्यातला बहुतेक पाणी तापवायला किंवा साठवायला, हेही ध्यानात घ्या. गावाच्या कडेला नदीकडे कुंभारवाडा, कारण भट्टीचा धूर आणि आग वस्तीबाहेर बरी. कागदीपुऱ्यात हाताने कागद करणारे, कारण लगद्याला पाणी लागतं. जातवार आळ्या होत्या हे खरं, पण कोणती आळी कुठे याचं निम्मं उत्तर वारा आणि पाणी यांत सापडतं. उरलेलं निम्मं सामाजिक होतं, आणि ते तिसऱ्या दिवशी समोर येतं.

दुपारी गणेश रस्त्याने पूर्वेकडे दारूवाला पुलापर्यंत या आणि कठड्यावरून खाली बघा. सांडपाण्याचा नाला दिसतो तीच नागझरी. जुन्या पुण्याची ही पूर्वेची हद्द. ओलांडली की सोमवार, मंगळवार. या पेठांचीही आधीची नावं वेगळी होती. सोमवार म्हणजे शहापूर, रविवार म्हणजे मलकापूर, शुक्रवार विसापूर, शनिवार मुर्तजाबाद. बुधवार पेठ औरंगजेबाने मोहियाबाद म्हणून वसवली. वारांची नावं पेशवाईत पक्की झाली. सात वारांच्या सात पेठा कोणी एका बैठकीत आखल्या असा समज असतो, तो चुकीचा. मुळातली पुरं वेगवेगळ्या वेळी वसली, नावं नंतर दिली.

नागझरीचं जुनं रूप डोळ्यांसमोर आणायचं तर सोमवार पेठेत, कमला नेहरू रुग्णालयाजवळचं त्रिशुंड गणपतीचं देऊळ गाठा. भीमगिरजी गोसावी यांनी ते १७५४ ते १७७० या काळात बांधलं. मूर्तीला तीन सोंडा, बैठक मोरावर. दर्शनी भिंत काळ्या दगडाची, अंगभर कोरलेली. तिच्यावर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि बंदूकधारी सैनिक दिसतात. पेशवाईतल्या देवळावर असं शिल्प क्वचितच सापडेल. ते डावी-उजवीकडे खालच्या पट्ट्यात आहे, आणि वर बघत आत शिरणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटतं. देवळाला तळघर आहे आणि त्यात पाणी असतं. ओढ्याकाठच्या जमिनीतला तो पाझर आहे. त्यात समाधी असून गुरुपौर्णिमेला पाणी उपसून ती दर्शनासाठी उघडतात. वरून नाला मेला तरी खालून झरा वाहतो आहे, याचा पुण्यात याहून सोपा पुरावा नाही.

दुसरा दिवस : कात्रजचं पाणी, मुठेचं पाणी

आजचा दिवस लांबलचक आहे. शनिवारवाडा सकाळी उघडल्या उघडल्या आटपून घ्या. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली आणि खर्च आला १६,११० रुपये. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग आठवडाभर धुमसत होती. आत उरली ती जोती, पाण्याच्या वाटा आणि हजारी कारंज्याचं सोळा पाकळ्यांचं कमळ. बहुतेक लोक दरवाज्याचे खिळे आणि नगारखाना बघून परततात. तुम्ही कारंज्याजवळ थांबा आणि विचार करा: पंप नाही, वीज नाही, आणि शेजारची नदी वाड्यापेक्षा खालच्या पातळीला. मग पाणी उडायचं कसं?

उत्तर दक्षिणेला, कात्रजच्या घाटाखाली आहे. थोरल्या बाजीरावांच्या काळात वाडा झाला. पाणी आणलं ते त्यांचे चिरंजीव नानासाहेब पेशव्यांनी, १७५० च्या आसपास. कात्रजला बंधारे घालून दोन तळी केली. वरच्यात गाळ बसतो, निवळ पाणी खालच्यात येतं. तिथून दगड-विटा-चुन्यात बांधलेला भुयारी नळ जमिनीच्या उताराने शहरात आला. नळ म्हणजे नळी समजू नका. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा तो बोगदा आहे, कारण गाळ काढायला माणूस उतरावाच लागायचा. ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधलेले. हे उच्छ्वास म्हणजे चौकोनी मनोऱ्यासारखी धुराडी: पाण्याबरोबर आलेली हवा त्यांतून बाहेर पडते, कोंडत नाही, आणि कुठे तुंबलं तर पाणी वर चढलेलं दिसून जागा कळते. काही उच्छ्वास आजही दक्षिणेकडच्या सातारा रस्त्याच्या परिसरात तग धरून आहेत. बघणाऱ्याला ते पडीक खांब वाटतात.

शहरात आल्यावर पाणी हौदांत पडायचं. काल टिपलेली नावं आता काढा. चौकातले हौद रयतेसाठी, बड्या वाड्यांना वेगळ्या शाखा. हौदाला तोट्या किंवा पायऱ्या, तळाशी गाळ काढायचं बूच. ही व्यवस्था बिघडली ती एका दिवसात नाही. खडकवासल्याचं धरण १८७९ ला झालं, नळाचं पाणी आलं, हौदांची निगा सुटली. मग नवीन इमारतींच्या पायाखाली, बोअरखाली नळ फुटले, मैलापाणी आत शिरलं. त्यामुळे कुठे हौदात पाणी दिसलंच तरी ओंजळ पुढे करू नका.

शनिवारवाड्यातून बाहेर पडून पश्चिमेला नदीकडे, ओंकारेश्वराला चला. हे देऊळ १७३० च्या दशकातलं. इथून शनिवार आणि नारायण पेठांतून दक्षिणेकडे चालत राहा आणि एक गोष्ट मोजा: जुना वाडा किती पावलांनी दिसतो? फार थोडे दिसतात. जिकडेतिकडे १९६० आणि ७० च्या दशकांतल्या तीन-चार मजली, सपाट तोंडाच्या इमारती. कारण १२ जुलै १९६१. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, पाण्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं.

यात वाडे का गेले, हे समजून घेण्यासारखं आहे. वाड्याच्या भिंतीत खाली दगडी जोतं, त्यावर काही हात भाजलेल्या विटा आणि वर मातीचं काम. जोत्यापर्यंत पाणी आलं तर वाड्याला काही होत नाही. पावसाळ्यात ते नेहमीच येतं. पण पाणी मातीच्या थरापर्यंत चढलं आणि काही तास राहिलं की माती विरते, भिंत पोटातून फुगते. अशा भिंती पाण्यात आणि पाणी ओसरल्यावरही कोसळतात, कारण बाहेरून टेकू देणारं पाणी निघून जातं आणि आतली माती अजून ओली असते. काही जागी पुराची रेघ भिंतीवर कोरून ठेवली आहे. दिसली तर तिच्याशेजारी उभं राहून बघा. बऱ्याच ठिकाणी ती डोक्याच्या वर असते.

पूरग्रस्तांना शहराबाहेर वसाहती मिळाल्या: गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर. पेठेतली कितीतरी कुटुंबं त्या वर्षी पेठेबाहेर गेली ती गेलीच. आता सहकारनगरचा पुढचा भाग ऐका. आंबील ओढा पूर्वी पर्वतीकडून थेट जुन्या गावाच्या पश्चिम कडेने वाहत मुठेला मिळायचा. नानासाहेबांनी पर्वतीजवळ तो अडवून तळं केलं (तेच पुढे भरून सारसबाग झाली) आणि प्रवाह पश्चिमेला वळवला, म्हणूनच सदाशिव पेठेला सलग कोरडी जमीन मिळाली. वळवलेला ओढा आजही दांडेकर पुलाखालून जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, ओढ्याने काठ सोडले आणि सहकारनगर-अरण्येश्वर भागात माणसं दगावली. धरणाच्या पुरातून उचलून ज्यांना ओढ्याकाठी बसवलं त्यांच्या पुढच्या पिढीच्या दारात ओढा आला. काठावर चढलेली बांधकामं आणि अरुंद झालेलं पात्र हे त्याचं कारण. पेशव्यांनी वळवलेल्या ओढ्याला वळण पुरेसं होतं. आपण त्याची रुंदीच खाल्ली.

नारायण पेठेतला केसरीवाडा, म्हणजे मूळचा गायकवाड वाडा, टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. अंगणात जाता येतं. तिथून लक्ष्मी रस्ता ओलांडा. विसाव्या शतकात हा रस्ता आणि त्याला छेदणारे शिवाजी व बाजीराव रस्ते रुंद करताना अनेक वाड्यांचा पुढचा भाग कापला गेला. म्हणूनच काही जुन्या घरांना रस्त्याकडे दरवाजाच नाही. जी दिसते ती मूळची आतली भिंत.

वाडा आतून बघायचा तर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथेच संस्कृत पाठशाळा सुरू केली. बाजीराव रस्त्यावरून दिसणारा लाकडी सज्जा, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, त्यांच्या माथ्यावरची केळफुलं आणि महिरपी इथे सावकाश बघता येतात. बघायचा क्रम खालून वर ठेवा. खांब जमिनीला टेकत नाही, दगडी तळखड्यावर उभा असतो. खांबाच्या माथ्यावर हस्त, म्हणजे आडवा लाकडी आधार, हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्या, कडीपाटावर मातीचा थर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. वाडा किती मोठा हे चौरस फुटांत सांगत नसत, खणांत आणि चौकांत सांगत. भिंत फक्त पडदा असते, भार लाकूड घेतं. म्हणून भिंत पडूनही मजला उभा राहिलेला दिसतो.

लाकडाला मारतात त्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, जमीन उंचावणं. जुन्या फरसबंदीवर नवी फरशी, तिच्यावर पुन्हा टाइल्स; तळखडा गाडला जातो, खांबाचं बूड जमिनीच्या ओलीत येतं आणि वाळवी लागते. वरून रंग दिलेला असल्याने पत्ता लागत नाही, टिचकी मारली की पोकळ वाजतं. दुसरी, सिमेंटचा गिलावा. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजतात. तुळई मधे वाकलेली दिसली तर मोडण्याची भीती कमी असते. टोकाशी बसली असेल तर मात्र लवकर टेकू लावावा. तिसरी चूक मोरी-संडास वरच्या मजल्यावर घेण्याची. मूळ वाड्यात हे सगळं मागच्या अंगाला, बोळाकडे असे. कडीपाटावर मोरी बांधली की खालची माती वर्षभर ओली राहते. चौथं कारण लाकडाचं नाही, कागदाचं आहे: १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना आणि भाडेकरूला ती करायची नव्हती. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्यामागे बहुतेक वेळा या चारांतली दोन-तीन कारणं एकत्र असतात.

तिथून पलीकडे तुळशीबाग. नारो आप्पाजी खिरे यांनी राममंदिराचं काम १७६१ मध्ये सुरू केलं. देऊळ दुकानांच्या मधे इतकं दडलं आहे की खरेदीला वर्षानुवर्षं येणाऱ्यांपैकी किती जणांनी शिखर बघितलं असेल ही शंकाच आहे. पोट आता भरून घ्या. एक ते चार पेठा झोपतात. त्यावरचे विनोद जुने झाले, पण बंद शटर आजही खरं आहे. सोमवारीही इथली बरीच दुकानं बंद.

संध्याकाळी उरलेला वेळ शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाला. तिथले लाकडी दरवाजे बघताना मोठ्या दारातली दिंडी शोधा. वाकून आत शिरायचं ते छोटं दार. आत येणाऱ्याची मान खाली राहावी आणि एका वेळी एकच माणूस यावा, अशी दुहेरी सोय.

सदाशिव आणि नारायण पेठांत रस्ता विचारताना घर क्रमांकावर भिस्त ठेवू नका. तो सापडतो, पण शेजारचाच क्रमांक चार गल्ल्या पलीकडे असतो, कारण क्रमांक जागेच्या नोंदणीचे आहेत, ओळीचे नाहीत. इथला खरा पत्ता म्हणजे देव. भिकारदास मारुती, पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती, गुपचूप गणपती. नावं विचित्र आहेत म्हणूनच टिकली: पन्नास मारुतींच्या गावात ‘मारुतीच्या देवळाजवळ’ सांगून कोण पोचणार?

तिसरा दिवस : पूर्वेच्या पेठा

आज मंडईपासून. मेट्रो थेट इथे येते. रे मार्केट या नावाने १८८६ मध्ये उघडलेली ही मंडई, मधे मनोरा असलेली दगडी वास्तू. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे. यावर वेगळी टिप्पणी नको.

मंडईकडून शिवाजी रस्त्याने उत्तरेला दहा मिनिटं. दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. वाडा पार मोडकळीला आला होता, २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला. जागा राष्ट्रीय स्मारकासाठी आहे. तिथून फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद शोधा. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहान मुलीच्या, काशीच्या आठवणीत तो १८८० च्या सुमारास बांधला. मुलीला शिकवतो म्हणून नात्यातल्यांनी तिला काचा घातलेलं खायला दिलं, असं सांगतात. हौद सर्व जातींना खुला होता. काल मोजलेल्या हौदांबद्दल हा प्रश्न आपण विचारला नव्हता. ‘रयतेसाठी’ असलेल्या पाण्यावर सगळी रयत येऊ शकत नव्हती.

मग पूर्वेकडे वळा. रविवार पेठेतली बोहरी आळी, भांडी आळी पटकन ओलांडा. खिळे, साखळ्या, दोऱ्या, पातेली यांत रस असेल तर दिवस जाईल, नसेल तर दहा मिनिटं. पुढे नाना पेठ आणि रास्ता पेठ. इथे पाऊल ठेवताच जाणवतं की गल्ल्या सरळ झाल्या. कसब्यातली वाट उतार आणि आळी बघून वळते. इथली दोरी लावून आखलेली. नाना पेठ नाना फडणवीसांनी वसवली, मूळ नाव हनुमान पेठ. रास्ता पेठेचं मूळ नाव शिवपुरी. आनंदराव रास्त्यांचा वाडा तिथे असल्याने नाव बदललं. पेठ वसवायची रीत अशी: सरकार एखाद्या सरदाराला किंवा शेटे-महाजनाला जागा द्यायचं, बाहेरून येऊन घर-दुकान घालणाऱ्यांना ठरावीक वर्षांचा कौल, म्हणजे करमाफी, मिळायची. कौल संपेपर्यंत पेठ भरली तर वसूल सुरू. पेठ वसवणं हा त्या अर्थी धंदा होता, आणि वसवणाऱ्याची पहिली काळजी पाण्याची, कारण हौद नसलेल्या पेठेत कोणी कौलावरही येत नसे.

या बाजूला कात्रजचं पाणी शेवटी पोचायचं आणि कमी पोचायचं. म्हणून घरोघर आड. आड म्हणजे अरुंद गोल विहीर, दोन-तीन हात व्यासाची, वर लाकडी रहाट. बरेचसे बुजवले, काहींवर सिमेंटची झाकणं. झाकणावर उभं राहून फोटो काढू नये. खालचा काठ किती ठिसूळ झाला आहे ते वरून कळत नाही. आणि कोणाच्याही चौकात शिरण्यापूर्वी दिंडीतूनच हाक मारावी. हे राहते वाडे आहेत. ‘काय काम आहे?’ हा प्रश्न इथे उर्मट नसतो, फक्त प्रश्न असतो. ‘जुना चौक बघायचाय, दोन मिनिटं’ एवढं उत्तर दिलंत तर बहुतेक वेळा आत घेतात, आणि दोन मिनिटांची वीस होतात.

शेवटचा टप्पा फुले वाडा, गंज पेठेत. पेठेचंही नाव आता महात्मा फुले पेठ. वस्ती दाट, गल्ली अरुंद, पाटी नीट न बघितली तर पुढे निघून जाल. घर बैठं, कौलारू, पुढे अंगण. पेशव्यांचे चौक आणि सज्जे दोन दिवस बघून आलेल्याला आधी ते साधं वाटतं. अंगणात तुळशी वृंदावन आहे, जोतीरावांची समाधी. २८ नोव्हेंबर १८९० ला त्यांचा मृत्यू झाला. आणि आवारातच आहे तो हौद, जो त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. तो कात्रजच्या हौदांएवढा भव्य नाही, त्याला कमळ नाही, कारंजं नाही. काठाचा दगड बघा, मग आतून घरात जा. माघारी मंडई स्थानक पायी पंचवीस-तीस मिनिटांवर आहे. संध्याकाळी सहानंतर निघालात तर रिक्षापेक्षा चालतच लवकर पोचाल.